फर्गलच्या नावापुढचं कुंकू

सुलक्षणाकाकू कुणालाही 'नाही' म्हणत नाहीत आणि 'हो' तर त्याहून म्हणत नाहीत. त्या मान हलवतात. डावीकडून उजवीकडे, जराशी खाली, परत वर, अशी ती आपली गोल फिरणारी मान. तिचा अर्थ 'बघू' असा होतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे आयर्लंडमधल्या ट्रलीत मात्र ते कुणाला कळत नाही, आणि समजावून सांगायची काकूंना काही घाई नाही.

ही मान त्यांनी नोकरीत कमावली. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. एका कानात मुंबईचा व्यापारी ओरडतोय, दुसऱ्या कानात कोरेगावचा जावई रडकुंडीला आलाय, आणि काकू दोघांनाही सारख्याच गोड आवाजात "होल्ड द लाइन प्लीज" म्हणताहेत. "माणसाला होल्डवर ठेवलं की तो आशेवर राहतो," त्या मला एकदा म्हणाल्या, "आणि आशेवरचा माणूस शिवी देत नाही." दुसरी सवयही तिथलीच, दाबून लिहायची. खाली कार्बन घालून तिकिटं लिहिण्यात त्यांची उमर गेली. आजही त्या वाण्याची यादी लिहून उठल्या की खालच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर बोट फिरवून 'तूरडाळ' वाचता येते.

मुलगा आलोक इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्याच्यामागे काकू आणि पुरुषोत्तमकाका इथे आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे केरी परगण्यातला पाऊस पाहून त्यांना पहिल्या आठवड्यातच गहिवरून आलं. काकूंना नाही आलं. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. शेजारची ब्रीडा फ्लिन रोज भुरभुरत्या पावसाचं कौतुक करत कुंपणावरून "ग्रँड सॉफ्ट डे" म्हणायची, आणि काकू मान हलवायच्या. शेवटी ब्रीडालाच काय वाटलं कोण जाणे, तिनं काकूंना हाताला धरून आपल्या अलॉटमेंटवर नेलं.

अलॉटमेंट म्हणजे गावाबाहेरच्या एका शेताचे पाडलेले पट्टे. वर्षाचं भाडं भरायचं, आपल्या पट्ट्यात आपण पिकवायचं. ब्रीडानं काकूंना बटाटे लावायला शिकवले. काकूंनी वर्षभरात तिथे लोखंडी कमानी उभ्या केल्या, त्यांवर प्लास्टिक ताणलं, आणि त्या बोगद्यासारख्या उबदार टनेलमध्ये मेथी, अंबाडी, हिरव्या मिरच्या आणि अळू घेतलं. अळू! ट्रलीत! ऑगस्ट संपत आला की सुपाएवढी पानं. गणपतीच्या आठवड्यात आम्ही इथल्या साऱ्या मराठी बायका पिशव्या घेऊन तिथे रांगेत उभ्या असतो. मी त्यांच्यापासून दोन घरं पलीकडे राहते, माझ्याकडे गाडी आहे आणि माझी दुपार मोकळी असते, म्हणून रांगेत माझा नंबर पहिला. हे मी कुणाला सांगत नाही.

तर या टनेलवर गेल्या वर्षी संकट आलं. त्याचं नाव फर्गल ट्वोमी.

फर्गल घोडे पाळतो. लाल चेहरा, मोठा आवाज, मनानं वाईट नाही. पण त्याला आमची अलॉटमेंट टापटीप करून बक्षीस मिळवायचं होतं आणि त्याचं म्हणणं असं, की टनेलमुळे स्लीव्ह मिशचे डोंगर दिसत नाहीत. "डोंगर दिसायला आधी ढग हलवायला लागतील," काका म्हणाले, "त्याचं कंत्राट कुणाला देणार?" पण फर्गल अलॉटमेंटच्या सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभा राहिला, आणि निवडून आलो तर सगळी टनेल काढायची, असं त्यानं छापून वाटलं. त्याच्याविरुद्ध उभी राहिली ब्रीडा. टनेल राहू द्या, हे तिचं एकच वचन.

काकूंची झोप उडाली. दिवसा मात्र त्या मान हलवत होत्या. फर्गल मतं मागायला आला तेव्हा त्यानं कुजवलेल्या घोड्याच्या लिदीची एक गाडी त्यांच्या पट्ट्यावर ओतली. "मिसेस, तुमचं मत मला ना?" काकूंनी मान फिरवली. फर्गल खूश होऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी घेऊन आला.

"तू त्या माणसाला फसवत्येस," काका म्हणाले.

"मी तोंडातून शब्द काढला का?"

"शब्द नाही काढलास, पण लीद घेतलीस."

"अहो, अळूला लागते."

आमच्या सोसायटीत मतदान टपालानं होतं. पूर्वी हात वर करून व्हायचं, पण एका वर्षी सभेत कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर भलामोठा सलगम फेकला. तेव्हापासून मतपत्रिका घरी येते, आपण मत द्यायचं, आणि बंद पाकीट टपालपेटीत टाकायचं. एका पट्ट्याला एक मत. पट्टा काकूंच्या नावावर, त्यामुळे मतही त्यांचंच. "घरात तरी मला मत कुठे आहे?" असं काका त्या दिवशी तीनदा म्हणाले.

मतपत्रिका आली आणि काकूंनी आपल्याकडे कुठल्याही महत्त्वाच्या कागदाचं जे करतात तेच केलं. देवापुढे ठेवली. त्यांचे देव स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये आहेत. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. लग्नपत्रिकेला लावतो तसं चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, दूर्वा ठेवली. कुंकू चांगलं ओलं करून घेतलं होतं, फिकं लागू नये म्हणून. मग नातीच्या, अबोलीच्या दप्तरातलं शाईचं पेन घेऊन ब्रीडाच्या नावापुढच्या चौकटीत पहिल्या पसंतीचा असा काही '१' काढला की पेनाचं टोक वाकलं. मराठीतला नव्हे हो, इंग्रजीतला. तेवढं भान त्यांना होतं. कागद अंदाजानं दुमडला, पाकीट सकाळी बंद करू म्हणून पुन्हा देवापुढे ठेवला आणि झोपल्या.

सकाळी मी सहज चहाला गेले तर स्वयंपाकघरात काका कागद उघडून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. माणूस रडतोय की हसतोय ते मागून कळेना.

"स्वप्ना, ये. बघ तुझ्या काकूनं कुणाला औक्षण केलंय."

कडा न जुळवता दुमडल्यामुळे वरच्या उजव्या कोपऱ्यातलं ओलं कुंकू खाली, कोपऱ्याच्या जरा आत उमटलं होतं. नावं आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमानं. फ्लिन वर, ट्वोमी खाली. फर्गल ट्वोमीच्या नावापुढच्या रिकाम्या चौकटीत, नेमका मधोमध, ठसठशीत लाल ठसा.

"आपल्याकडे पूर्वी शिक्काच मारायचो ना?" काका डोळे पुसत म्हणाले. "झालं! पडलं मत फर्गलला. आणि शिवाय सवाष्णीचं!"

काकूंनी चहाचा कप ठेवला आणि कागद उलटा करून काकांपुढे धरला. मागच्या बाजूला छापलेल्या सूचना काकांनी चष्मा लावून वाचल्या. पसंतीच्या आकड्याखेरीज कागदावर कसलीही खूण असेल तर मत बाद. खराब झालेली मतपत्रिका निवडणूक अधिकाऱ्याकडे परत केल्यास नवी मिळेल, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्याच दिवशीच्या टपालात ती पडली पाहिजे.

"आजच द्या की मग परत," मी म्हटलं.

"कुणाकडे? नूलाकडे?" काकूंनी मला असं विचारलं, जणू मी त्यांना वाघाच्या गुहेत पाठवत होते.

नूला म्हणजे निवडणूक अधिकारी, निवृत्त शिक्षिका आणि फर्गलची सख्खी बहीण. गावाचा तिच्यावर विश्वास होता तो याच कारणानं, कारण फर्गलला तिच्याइतकं ओळखून कुणी नव्हतं. पण काकूंना ते पटेना. "ती कागद उघडणार. ब्रीडापुढचा एक बघणार. भावाला सांगणार. आणि तो म्हणणार, माझी लीद खाल्ली आणि मत तिला दिलं!"

"अळूनं खाल्ली," काका म्हणाले.

एक दिवस असाच घालमेलीत गेला. काकूंनी तो कोपरा कापून बघावा का असं विचारलं, कुंकू खोडरबरानं पुसून पाहिलं, त्यानं ते आणखी पसरलं. शेवटी गुरुवारी दुपारी फोन आला. "स्वप्ना, गाडी काढ. गेलं टनेल तर गेलं अळू. बघू दे नूलाला काय बघायचंय ते."

मी पोचले तर देवांचा प्रेस सताड उघडा आणि काकू आत डोकं घालून उभ्या. कागद नव्हता.

"अहो! इथला कागद?"

"कुठला कागद?" बाहेरच्या खोलीतून काका.

"मतपत्रिका! देवापुढची!"

मग काका दारात आले. चेहरा पाटबंधारे खात्याचा बांध फुटल्यासारखा.

"मला वाटलं, तू काही नूलाकडे जायची नाहीस. बादच झालाय. म्हणजे... कुंकू लागलेला कागद. केराच्या टोपलीत कसा टाकणार?"

"मग कुठे टाकलात?"

"निर्माल्यात."

त्यांच्या घरचं निर्माल्य दर गुरुवारी सकाळी काका अलॉटमेंटवरच्या कंपोस्टच्या ढिगात नेऊन विसर्जित करतात. इथल्या नदीत फुलं सोडायची नाहीत हे त्यांनी स्वतःच घरात ठरवून दिलेलं. इतक्या वर्षांत काकांनी घरातलं एकही काम न सांगता केलं नव्हतं. हे केलं.

काकू तडक गाडीत बसल्या आणि सीटचा पट्टा लावताना एवढंच म्हणाल्या, "तुमचा फोन मी कायमचा कट करायला हवा होता, बासष्ट साली लग्नाची बोलणी करायला आला होतात तेव्हा."

"बासष्ट साली मी चौथीत होतो," काका मागच्या सीटवरून हळूच म्हणाले.

"मग तेव्हाच!"

वाटेत मी नूलाला फोन लावला. उत्तर सरळ होतं. जुना कागद द्या, नवा घ्या. जुना नसेल तर नवा नाही, नाहीतर लोक दोन-दोन मतं देतील. पाचला दार बंद.

कंपोस्टचा ढीग काकूंच्या पट्ट्याच्या टोकाला, लाकडी फळ्यांमध्ये. आम्ही तिथे गेलो आणि तिघंही थबकलो. ढीग दुप्पट झाला होता. वर ताजी, वाफाळती लीद. तिसरी गाडी.

"मिसेस!" कुंपणापलीकडून गरजून फर्गल आला. "आजच सकाळी टाकली. खास तुमच्यासाठी!"

काकूंनी मान हलवली, पण ती अर्ध्यातच अडकली.

"काही हरवलंय?"

"पेपर," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांच्यातली जुनी ऑपरेटर जागी झाली, खोटं न बोलता निम्मंच सांगणारी. "होली पेपर. फ्रॉम द गॉड."

फर्गलनं टोपी काढली. त्यानं छातीवर क्रॉसची खूण केली, कुंपण ओलांडलं, आपलं काट्याचं फावडं घेतलं आणि आमच्या आधी ढिगात उतरला. त्याला कोण अडवणार? मी आणि काका हातानं लीद बाजूला करत होतो. काकू वर उभ्या राहून तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. ते स्तोत्र होतं की काकांना शिव्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही. झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. दूर्वा निघाली. मग फर्गलच्या मोठ्या लाल हातात एक ओला, पिवळा पडलेला, दुमडलेला कागद आला.

"हाच?"

काकूंनी हात पुढे केला, पण कागद ओलाच इतका होता की त्याच्या बोटांत तो आपोआप उलगडला.

शाळकरी शाई ती, पाण्यानं धुऊन जाणारी. ब्रीडाच्या नावापुढे फिकट निळा ढग उरला होता, दुसरं काही नाही. कुंकू मात्र जातिवंत निघालं. फर्गल ट्वोमीच्या नावापुढे ते अजूनही लालभडक.

फर्गल बघत राहिला. त्यानं कागद तळहातावर पसरला, अंगठ्यानं वरची माती अलगद निपटली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग काकूंकडे पाहिलं.

"मिसेस," तो म्हणाला, "ही तर मतपत्रिका आहे."

काकूंनी मान फिरवली.

"आणि ही बाद झाली. नवी हवी. चला, चला, नूला पाचला दार लावते. ती मलाही उघडत नाही."

तो आपल्या जीपमधून पुढे, आम्ही मागे. गाडीत काका खुदखुदायला लागले. "त्याला वाटतंय मत त्यालाच दिलंय. बिचारा स्वतःच्या पराभवाला स्वतः जीपमधून घेऊन चाललाय."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "तिसरी गाडी टाकली त्यानं."

नूलानं स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे चढवून कागद दोन बोटांत धरला आणि उजेडात नेला. वासानं तिचं नाक आक्रसलं.

"हे लाल काय?"

"ब्लेसिंग," काका म्हणाले.

"मला आशीर्वाद दिलाय तिनं, नूला!" दारातून फर्गल गरजला. "तिचं मत वाया जाऊ देऊ नकोस!"

"उमेदवारानं इथे उभं राहायचं नाही. बाहेर हो." भाऊ बाहेर झाला. नूलानं जुना कागद एका पिशवीत घातला, पिशवीवर शेरा मारला आणि नवी मतपत्रिका पुढे केली.

काकू कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. कागद हातात येताच त्यांचा उजवा हात नकळत पर्सकडे गेला. पर्समध्ये कुंकवाची डबी असते.

"अगं, हात आवर!" काका ओरडले.

नूलाचं बॉलपेन घेऊन काकूंनी आकडा काढला. टेबल हललं. कागद दुमडला, पाकीट चिकटवलं आणि नाक्यावरच्या हिरव्या टपालपेटीपर्यंत काकू अशा चालत गेल्या, की साठीनंतर मी त्यांना तितकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं. पाकीट आत पडलं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पर्समधून डबी काढली आणि पेटीच्या तोंडाखाली एक बारीकसं बोट टेकवलं.

"काकू!"

"टपालपेटीवर खूण करू नये असं कुठे छापलंय?"

ब्रीडा निवडून आली. दोन मतांनी.

"म्हणजे तुझ्या मताशिवायही आली असती," काका म्हणाले.

"आणि हे तुम्हाला गुरुवारी कुणी कळवलं होतं?"

टनेल वाचलं, पण काकूंच्या जिवाला काही चैन नव्हतं. रविवारी त्यांनी अळूवड्या तळल्या आणि एक डबा वेगळा भरून टनेलमध्ये आणला. तो फर्गलला द्यायचा होता, पण द्यायला मलाच पाठवण्याचा त्यांचा विचार होता. तेवढ्यात टनेलच्या दारातला प्लास्टिकचा पडदा सरकला आणि वाकून फर्गलच आत आला. आत मी, काकू आणि एका पालथ्या बादलीवर काका.

"हरलो," तो म्हणाला. आवाज मोठाच होता.

काकूंनी डबा पुढे केला. त्यानं एक वडी तोंडात टाकली, दुसरी टाकली, तिसरी हातात धरून बोलायला लागला.

"मिसेस, तुम्ही फार दाबून लिहिता."

काकूंचा चेहरा टनेलच्या प्लास्टिकइतका पांढरा झाला.

"अंगठ्याला खड्डा लागला. ब्रीडाच्या नावापुढे. शाई गेली तरी खड्डा कुठे जातो?"

"म्हणजे तुला तेव्हाच..." मी म्हटलं.

"तेव्हाच."

"मग नूलाकडे का नेलंस?"

फर्गलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तो सलगम माहितेय ना? ज्याच्यामुळे टपालानं मतदान सुरू झालं? तो मी फेकला होता. ब्रीडाच्याच नवऱ्यावर, देव त्याचं भलं करो. नेम चुकला आणि लागला फादरना. माझ्या लिदीत कुणाचं मत गाडलं गेलं असतं, तर गावानं तेही माझ्याच नावावर लिहिलं असतं."

काका बादलीवरून हसत खाली येणार होते, मी धरलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि डब्यात उरलेल्या सगळ्या वड्या त्याच्यापुढे सरकवल्या.

फर्गल टनेलमध्ये सभोवार बघत होता. अळू बघितलं, मिरच्या बघितल्या, वरच्या कमानीला हात लावून पाहिला.

"उबदार आहे," तो म्हणाला. "माझे टोमॅटो यंदाही बाहेर हिरवेच राहिले. हा कोपरा रिकामाच दिसतोय, मिसेस. पुढच्या वर्षी दोन रोपं लावू का? डोंगर काही एवढे दिसत नाहीत तसेही."

काकूंनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे, जराशी खाली, परत वर.

फर्गल ती मान नीट निरखत राहिला. मग काकांकडे वळून म्हणाला, "हे हो आहे की नाही?"

"पन्नास वर्षं झाली," काका म्हणाले, "मी अजून लाइनीवर आहे."

"होल्ड प्लीज," काकू म्हणाल्या, आणि वाकून त्या कोपऱ्यातलं तण उपटायला लागल्या.